गार पडलेले हातपाय

धाराशिव जिल्ह्यात माळवदाच्या घरात वाढलेल्या माणसाला विंचवाबद्दल फार काही शिकवावं लागत नाही. चप्पल पायात घालायच्या आधी उलटी करून आपटायची आणि रात्री उजेड केल्याशिवाय पाय खाली टाकायचा नाही, हे चालायला लागल्यापासूनच अंगवळणी पडलेलं असतं. जुनी घरं दगडाची. चिखलात रचलेल्या दोन-दोन हात रुंद भिंती, वर लाकडाच्या तुळया आणि त्यावर मातीचं माळवद. भर उन्हाळ्यात घर गार राहायचं ते या भिंतींमुळे, आणि त्या गारव्याला माणसाइतकाच विंचूही सोकावलेला. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेच्या भूकंपात लोहारा-उमरगा पट्ट्यात, सास्तूर आणि आजूबाजूच्या गावांत याच भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. त्यानंतर सिमेंट आलं, पत्रे आले, माळवदं गेली. विंचू मात्र कुठे जातो! तो बांधाच्या दगडाखाली, सरपणात, कडब्याच्या गंजीत नव्यानं बिऱ्हाड मांडून बसला.

आमच्याकडे सगळी भीती इंगळीची. काळी, जाडजूड, नांगी उगारून उभी राहिली की मोठा माणूसही दोन पावलं मागे सरतो. पण इंगळीचा डंख दुखतो आणि उतरतो. जीव घेतो तो लहानखुरा तांबडा विंचू, ज्याच्याकडे आधी कुणी फारसं लक्ष देत नाही. शास्त्रात त्याला टॅम्युलस म्हणतात. हे नाव फॅब्रिशियसनं १७९८ साली दिलं, आणि १९०० मध्ये पोकॉकनं त्याच्या एका उपजातीला कोकणाचंच नाव लावून टाकलं.

पैठणच्या एकनाथांनी विंचवावर भारूड रचलं ते सोळाव्या शतकात. त्यातला विंचू काम-क्रोधाचा असला तरी नाथांनी विष चढल्याची खूण म्हणून घेतली ती अंगाला सुटलेल्या घामाची. रूपक कितीही आध्यात्मिक असो, निरीक्षण अस्सल गावातलं आहे. पुढच्या चारशे वर्षांत हा घाम आणि त्याच्यासोबत गार पडणारे हातपाय लाखो लोकांनी पाहिले असतील: भगतांनी, सुईणींनी, वैद्यांनी, पुढे सरकारी डॉक्टरांनीही. ती खूण पेशीच्या भाषेत वाचून दाखवली ती मराठवाड्यातल्याच एका माणसानं, पण कोकणात जाऊन.

डॉ. हिंमतराव बावसकर जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचे. शेतकऱ्याच्या घरात, कष्ट करत शिकलेले. आपल्या आत्मचरित्राला त्यांनी नाव दिलं ‘बॅरिस्टरचं कार्टं’. ते वाचलं की या माणसाला उपचारापेक्षा हट्टाचीच सवय अधिक, असं वाटत राहतं. नागपूरला एम.बी.बी.एस. करून १९७६ मध्ये ते बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. महाडजवळचं हे गाव. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबाच होतं. रायगड ते १९८१ पासून झालं.

तिथे रात्री-अपरात्री डोलीतून, बैलगाडीतून विंचू चावलेली माणसं यायची. त्यांत लहान मुलं पुष्कळ. चावलेल्या जागी सूज नाही, लाली नाही. मूल घामानं निथळत असे, ओकत असे, तोंडाला लाळ. हात लावला तर बोटं बर्फासारखी. मुलगा असेल तर आणखी एक चमत्कारिक खूण, लिंग ताठ झालेलं. घरचे संकोचानं सांगत नसत आणि डॉक्टर विचारत नसत. काही तासांत श्वास लागायचा, छातीत पाणी भरल्यासारखी घरघर सुरू व्हायची आणि शेवटी तोंडातून गुलाबी फेस. छातीत दम्यासारखं ऐकू येई, पण तो दमा नव्हता. हृदय हरलेलं असायचं आणि फुप्फुसं रक्तातल्या पाण्यानं भरलेली.

हे पूर्वी कुणी पाहिलंच नव्हतं असं नाही. १९६१ मध्ये मुंडले यांनी विंचूदंशानंतर फुप्फुसात पाणी होतं हे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापलं होतं. तिकडे इस्रायलमध्ये गुएरॉन आणि सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये विंचवाच्या विषानं हृदयाला इजा होते हे दाखवलं होतं. पण हे ज्ञान मासिकांत होतं आणि रुग्ण खाटेवर. खाटेशेजारी जे मिळायचं ते म्हणजे अ‍ॅट्रोपीन, स्टेरॉइड, अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं आणि झोप आणणारं औषधांचं मिश्रण. श्वास लागण्यापर्यंत गेलेल्या रुग्णांतले शंभरात पंचवीस-तीस दगावत.

बावसकरांनी पहिलं काम केलं ते टिपण ठेवण्याचं. कुणाला किती वाजता चावलं, तो किती वाजता आला, घाम केव्हा, ओकारी केव्हा, हात कधी गार पडले, नाडी किती, रक्तदाब किती. रात्रभर खाटेशेजारी बसून. या नोंदींतून एक उलटी गोष्ट दिसली: नुसत्या दुखण्यानं जमिनीवर गडबडा लोळणारा, सगळं गाव गोळा करणारा रुग्ण बहुधा वाचतो. ज्याचं फारसं दुखत नाही पण जो ओकतो, घामानं भिजतो आणि गार पडतो, तोच धोक्यात असतो. या आधीच्या खुणांवरचा त्यांचा लेख १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या डॉक्टरनं स्टेथोस्कोप, रक्तदाबाचं यंत्र आणि स्वतःचे डोळे वापरून लिहिलेला लेख लंडनच्या त्या मासिकात यावा, याचं तेव्हा आपल्याकडे कितीसं कौतुक झालं असेल कोण जाणे.

पण खूण कळली म्हणजे कारण कळलं असं होत नाही. हातपाय गार का पडतात?

त्यासाठी जवळपास शंभर वर्षं मागे जावं लागतं, इंग्लंडातल्या हॅरोगेट नावाच्या गावी. तिथल्या जॉर्ज ऑलिव्हर नावाच्या डॉक्टरला उपकरणं बनवण्याचा नाद होता. जनावराच्या मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीचा अर्क दिला की रोहिणी आकसते, हे त्याच्या उपकरणानं दाखवलं. हिवाळ्यात तो लंडनला शेफर या प्राध्यापकाकडे गेला. शेफर एका कुत्र्याचा रक्तदाब मोजत होता. ऑलिव्हरनं खिशातला अर्क टोचायचा आग्रह धरला, शेफरनं अनिच्छेनंच टोचला, आणि पाऱ्याची उंची अशी चढत गेली की दोघं बघतच राहिले, अशी ती गोष्ट सांगतात. १८९४-९५ मध्ये त्यांनी ती छापली. रक्तदाब वाढवणारं ते द्रव्य म्हणजे अ‍ॅड्रेनलिन. त्याचंच भावंड नॉरअ‍ॅड्रेनलिन हे मज्जातंतूंच्या टोकांतून पाझरतं. माणूस घाबरला, धावला, भांडला की ही दोन्ही सुटतात आणि काम झालं की थांबतात.

तांबड्या विंचवाचं विष नेमकं तिथेच बोट घालतं. मज्जातंतूच्या आवरणात सोडियम आत घेणारी बारीक दारं असतात. एक क्षण उघडायची आणि पटकन मिटायची, यातच त्यांचं सगळं शहाणपण. विषातली प्रथिनं ती दारं वेळेवर मिटू देत नाहीत. तंतू मग वेड्यासारखे धडधडत राहतात, आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन व अ‍ॅड्रेनलिन यांचा पूर लोटतो. डॉक्टरांनी याला वादळ म्हटलं आहे. मला ते धरणाचे सगळे दरवाजे एकदम उघडल्यासारखं वाटतं, कारण पुढची हानी सगळी प्रवाहाच्या खालच्या बाजूला होते.

खालच्या बाजूला म्हणजे रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशीत. नॉरअ‍ॅड्रेनलिन पेशीच्या आत शिरतच नाही, हे आधी ध्यानात घ्यायला हवं. ते दारातच थांबतं आणि निरोप देतं. केंब्रिजच्या लँगलीनं १९०५ मध्ये ‘ग्रहण करणारं काहीतरी’ पेशीवर असावं असा तर्क केला. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या रेमंड अल्क्विस्टनं १९४८ मध्ये अशी ठिकाणं दोन प्रकारची असावीत असं मांडून त्यांना अल्फा आणि बीटा अशी साधी नावं दिली. एका मासिकानं तो लेख परत पाठवला होता, दुसऱ्यानं छापला. ही ठिकाणं म्हणजेच रिसेप्टर; ते तेव्हा निव्वळ कल्पनेतले होते, कुणी पाहिलेले नव्हते. औषध दिलं की काय होतं यावरून त्यांचं अस्तित्व मान्य करायचं, एवढंच.

आज आपल्याला ते माहीत आहेत. रिसेप्टर हे एक लांबलचक प्रथिन. गोधडीला धावदोरा घालावा तसं ते पेशीच्या आवरणातून सात वेळा आत-बाहेर गेलेलं असतं. बाहेरच्या बाजूला नॉरअ‍ॅड्रेनलिन टेकलं की आतल्या बाजूचे टाके किंचित सरकतात. तिथे तीन तुकड्यांचं दुसरं प्रथिन टेकून बसलेलं असतं, त्याचं नाव जी-प्रथिन. त्याच्या मुठीत जीडीपी नावाचा एक रेणू असतो. रिसेप्टर सरकला की ती मूठ सुटते, जीडीपी गळून पडतो आणि त्याच्या जागी जीटीपी येऊन बसतो. एवढ्यानं जी-प्रथिनाचा एक तुकडा बाकीच्या दोघांपासून सुटतो आणि आवरणाच्या आतल्या अंगानं सरकत जाऊन तिसऱ्या प्रथिनाला भिडतो. हे तिसरं म्हणजे फॉस्फोलायपेज-सी, चरबीचा एक रेणू कापणारं विकर. कापलेला एक तुकडा, आयपी-थ्री, पेशीच्या आत तरंगत जातो आणि कॅल्शियमची कोठारं उघडतो. कॅल्शियम कॅलमोड्युलिन या प्रथिनाला चिकटतं, ती जोडी आणखी एका विकराला जागं करते, ते मायोसिनवर फॉस्फेटचा शिक्का मारतं, आणि शिक्का बसलेलं मायोसिन अ‍ॅक्टिनच्या धाग्यांना हात-हातभर दोर ओढावा तसं ओढू लागतं. पेशी आखडते. अशा हजारो पेशी आखडल्या की वाहिनीचं नळकांडं चिमटतं.

त्वचेकडे जाणाऱ्या असंख्य बारीक वाहिन्या अशा चिमटल्या म्हणजे बोटांत रक्त पोचत नाही. हात गार पडतो. बिरवाडीच्या खाटेवर डॉक्टरच्या तळव्याला जो गारवा लागत होता तो म्हणजे या सगळ्या साखळीचं शेवटचं टोक. आणि आत हृदय बंद नळांवर पाणी चढवणाऱ्या मोटारीसारखं झटत होतं. मोटार जळते तसं ते थकलं की रक्त मागे फुप्फुसांत तुंबायचं. गुलाबी फेस तिथून येई.

जी-प्रथिनाची कहाणी गिलमन आणि रॉडबेल यांनी उलगडली, त्यांना १९९४ मध्ये नोबेल मिळालं. आयपी-थ्री कॅल्शियम सोडतं हे बेरिज यांच्यासह काही शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये दाखवलं. ही सालं मी मुद्दाम सांगतो आहे. बावसकर पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून एम.डी. करून महाडकडे परतले तेव्हा या साखळीच्या मधल्या कड्या जगातल्या प्रयोगशाळांनाही नुकत्या सापडत होत्या. त्यांच्याकडे साखळीची दोन टोकं होती: वरचं, म्हणजे विष, आणि खालचं, म्हणजे गार हात.

घामाचं मात्र गणित वेगळं. घामाच्या ग्रंथींना येणारे तंतू असिटाइलकोलीन नावाचं वेगळंच रसायन सोडतात. अ‍ॅट्रोपीन त्याला अडवतं. म्हणून अ‍ॅट्रोपीन दिलं की घाम आटतो, लाळ सुकते, रुग्ण बरा दिसू लागतो आणि घरचे हात जोडतात. पण नॉरअ‍ॅड्रेनलिनच्या पुराला अ‍ॅट्रोपीनचा काहीच अटकाव नसतो. उलट नाडी आणखी धावू लागते, आधीच दमलेल्या हृदयाला चाबूक मारल्यासारखी. दिसणारी खूण पुसायची आणि न दिसणारी आग वाढवायची, असा हा उपचार. त्याविरुद्ध बावसकर पती-पत्नींनी पुढे स्पष्टपणे लिहिलं. डॉ. प्रमोदिनी बावसकर या सगळ्या कामात बरोबरीनं होत्या. लेखांवर त्यांचंही नाव आहे.

चिमटलेल्या वाहिन्या सैल करायच्या तर आधी हाताशी होतं सोडियम नायट्रोप्रुसाइड. फार जालीम औषध. सलाइनमधून थेंबाथेंबानं द्यायचं, उजेडानं ते बिघडतं म्हणून बाटलीला काळा कागद गुंडाळायचा, आणि दर दोन-चार मिनिटांनी रक्तदाब बघायचा, कारण एक थेंब जास्त झाला तरी दाब कोसळतो. शहरातल्या अतिदक्षता विभागात हे चालतं. वीज गेलेल्या आरोग्य केंद्रात कंदिलाच्या उजेडात एकट्या डॉक्टरनं ते चालवायचं म्हणजे रात्रभर दोरीवर चालणं. त्यांनी ते केलं, आणि फुप्फुसं पाण्यानं भरलेले रुग्ण त्यातून वाचलेही. म्हणजे दिशा बरोबर होती. औषध मात्र गावाला परवडणारं हवं होतं.

ते मिळालं उच्च रक्तदाबाच्या साध्या गोळ्यांत. प्राझोसिन हे फायझर कंपनीचं औषध, सत्तरच्या दशकात बाजारात आलेलं. आरंभी त्याच्या शोधकांनाही वाटत होतं की ते वाहिन्यांना परस्पर सैल करतं. मागाहून उमगलं की ते अल्फा-१ रिसेप्टरवर जाऊन बसतं. नॉरअ‍ॅड्रेनलिन दारात येतं, पण जागा भरलेली. निरोप पोचत नाही. जी-प्रथिनाची मूठ मिटलेलीच राहते.

यात एक बारकावा आहे आणि सगळी करामत त्यातच आहे. अल्फा रिसेप्टर दोन जातींचे, हे सत्तरच्या दशकात लक्षात आलं. अल्फा-१ असतात स्नायूपेशीवर. अल्फा-२ मुख्यतः मज्जातंतूच्या टोकावरच असतात, आणि त्यांचं काम उलटं: बाहेर पुरेसं नॉरअ‍ॅड्रेनलिन साचलं की ते तंतूला ‘आता पुरे’ असं सांगतात. फेंटोलामिनसारखी जुनी औषधं दोन्ही अडवत. त्यामुळे ब्रेकच निकामी होई आणि तंतू आणखी ओतत राहत. प्राझोसिन अल्फा-१ अडवतं आणि अल्फा-२ला हात लावत नाही. दार बंद, ब्रेक शाबूत. विंचवाच्या विषावर याहून नेमकं औषध कुणी मुद्दाम ठरवून बनवलं असतं तरी इतकं जुळलं नसतं.

१९८४ पासून महाडला त्याचा वापर सुरू झाला आणि १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये बावसकर दांपत्याचं टिपण आलं. पुढच्या वर्षांत मृत्यूचं प्रमाण, जे पंचवीस-तीस टक्क्यांवर होतं, ते एक टक्क्याच्या खाली आलं. त्याच १९८६ मध्ये बीटा रिसेप्टरचा जनुक प्रथमच हाती लागला. अल्फा-१चा जनुक लेफ्कोविट्झ यांच्या प्रयोगशाळेनं १९८८ मध्ये जाहीर केला. ज्या दाराला कुलूप कसं लावायचं हे महाडच्या खाटेवर कळून चुकलं होतं, त्या दाराची घडण जगाला दोन वर्षांनी दिसली. रिसेप्टरवरच्या कामासाठी लेफ्कोविट्झ आणि कोबिल्का यांना २०१२ मध्ये नोबेल मिळालं. बावसकरांना पद्मश्री मिळायला २०२२ उजाडलं.

मुंबईत मात्र याच विषाचा मागोवा दुसऱ्या एका संप्रेरकावरून चालला होता. नॉरअ‍ॅड्रेनलिनचा पूर आला की मूत्रपिंडाकडचं रक्तही आटतं, आणि तिथल्या पेशी रेनिन सोडतात. रेनिन यकृतातून आलेल्या एका मोठ्या प्रथिनाचा दहा अमिनो आम्लांचा तुकडा तोडतं. फुप्फुसांतल्या वाहिन्यांच्या अस्तरावरचं एसीई नावाचं विकर त्यातले दोन कमी करतं. उरतं ते आठ मण्यांचं अँजिओटेन्सिन-२. रक्तदाब चढवण्यात याचा हात धरणारं दुसरं संप्रेरक क्वचितच. त्याचा रिसेप्टर वेगळा, एटी-१. पण तोही सात टाक्यांचाच आणि आतून त्याच जी-प्रथिनाला ढोसणारा. दोन वेगळ्या दारांतून आलेले निरोपे एकाच चौकात उतरावेत, तसं. चौकातून पुढे तेच फॉस्फोलायपेज, तेच कॅल्शियम, तीच आखडलेली वाहिनी.

राधाकृष्ण मूर्ती आणि वकील यांनी १९८८ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये दाखवलं की तांबड्या विंचवाचं विष दिलेल्या कुत्र्यांच्या रक्तात अँजिओटेन्सिन वाढतं, आणि इन्सुलिन दिल्यावर ते उतरतं. मूर्तींचा भर कायम इन्सुलिनवर राहिला. विषानं शरीराचं इंधनाचं गणितच बिघडतं आणि ते इन्सुलिननं सुधारतं, असं त्यांचं म्हणणं. १९८९ मध्ये केईएम रुग्णालयाचे दिलीप करनाड आणि सहकारी यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये विंचूदंशाच्या रुग्णांत कॅप्टोप्रिल वापरल्याचं लिहिलं. कॅप्टोप्रिल एसीईला अडवतं, म्हणजे अँजिओटेन्सिन बनूच देत नाही.

कॅप्टोप्रिलचं मूळ कुठलं, तर विषातलंच. ब्राझीलच्या जराराका सापाच्या विषात फेरेरा यांना १९६५ मध्ये एक पदार्थ सापडला, जो ब्रॅडिकिनिन या रेणूला मोडू देत नाही. तोच पदार्थ एसीईलाही अडवतो असं निघालं, आणि त्यावरून कुशमन आणि ओंडेट्टी यांनी सत्तरच्या दशकात कॅप्टोप्रिल घडवलं. पुढे जगभर रक्तदाबाच्या रुग्णांच्या डब्यात बसलेल्या ‘प्रिल’ गोळ्यांची ही थोरली बहीण. पण तिचा हाच गुण महाडला अडचणीचा वाटला. ब्रॅडिकिनिन वाहिन्यांच्या भिंती झिरपत्या करतं. ते साचू दिलं तर आधीच पाणी भरलेल्या फुप्फुसांत आणखी पाणी, असा बावसकरांचा आक्षेप. सापाच्या विषातून आलेलं औषध विंचवाच्या विषावर चालवावं का, यावर ही मतभिन्नता. कोण किती बरोबर हे ठरवायला मी अधिकारी नाही, पण झुकतं माप द्यायचंच तर मी महाडला देईन: पूर मुळातल्या दारावर अडवणं हे खालच्या ओढ्याला बांध घालण्यापेक्षा केव्हाही शहाणपणाचं. तरीही मुंबईच्या मंडळींनी एक गोष्ट सर्वांच्या गळी उतरवली. एक दार बंद केलं तरी शरीर दुसऱ्या दारातून तोच निरोप पाठवू शकतं.

त्या दुसऱ्या दाराचं, एटी-१चं स्फटिकचित्र २०१५ मध्ये ‘सेल’ मासिकात आलं. लेखकांत क्लीव्हलँडचे सदाशिव कर्णिक होते, ज्यांनी ऐंशीच्या दशकात हरगोविंद खोराना यांच्याकडे डोळ्यातल्या ऱ्होडॉप्सिनवर काम केलं होतं. ऱ्होडॉप्सिनही सात टाक्यांचंच प्रथिन. उजेड पाहणं आणि रक्तदाब चढणं यांची शिलाई एकाच हाताची निघावी, हे मला अजूनही नवलाचं वाटतं.

तांबड्या विंचवाचं नाव प्रयोगशाळांत मात्र निराळ्याच कारणानं पोचलं. १९९० मध्ये अमेरिकेत त्याच्या विषातून ३७ अमिनो आम्लांचं एक चिमुकलं प्रथिन वेगळं काढलं गेलं, आयबेरिओटॉक्सिन. वाहिनी फार आखडली की पोटॅशियम बाहेर सोडून तिला सैल करणाऱ्या ज्या नलिका असतात, त्या हे प्रथिन बंद करतं. आकसायला लावणारा पूर सोडायचा आणि सैल होण्याची वाटही अडवायची. विंचवानं कुठेच कसर ठेवलेली नाही. आज हे प्रथिन मायक्रोग्रॅमच्या हिशेबात विकत मिळतं, आणि रक्तवाहिन्यांवर प्रयोग करणारे परदेशी विद्यार्थी ते इवल्याशा कुपीतून काढतात. आपल्या बांधावरच्या दगडाखालचा ऐवज.

विषावर खरा उतारा म्हणजे प्रतिविष. ते मुंबईच्या हाफकिन संस्थेत तयार झालं. चिपळूणच्या बाजूला डॉ. नातू आणि सहकाऱ्यांनी त्याचा अनुभव २००६ मध्ये मांडला. २०११ मध्ये बावसकर दांपत्यानं ‘बीएमजे’मध्ये ७० रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली: अर्ध्यांना नुसतं प्राझोसिन, अर्ध्यांना प्राझोसिनबरोबर प्रतिविष. प्रतिविष मिळालेले लवकर सावरले. ज्या गोळीनं आपलं नाव झालं ती एकटी पुरेशी नाही, हे स्वतःच चाचणी घेऊन छापणं फारसं कुणाला जमत नाही. प्रतिविष रक्तातून विष उचलून घेतं, पण ते आधीच सुटलेलं नॉरअ‍ॅड्रेनलिन परत बोलवू शकत नाही. त्यामुळे दारावरचं कुलूप हवंच.

शहरात प्राझोसिनच्या जातीच्या गोळ्यांचे दिवस तोवर सरले होते. अमेरिकेतल्या ऑलहॅट या मोठ्या चाचणीत प्राझोसिनच्याच कुळातल्या डॉक्साझोसिनचा गट २००० साली मध्येच थांबवावा लागला, कारण त्या रुग्णांत हृदय कमकुवत होण्याचं प्रमाण जास्त दिसलं. रक्तदाबासाठी पहिली गोळी म्हणून ही औषधं मागे पडली. विंचवाच्या मुलखात मात्र ती राहिली.

तिथे ती द्यायची रीत बावसकरांनी लेखांतून पुन्हापुन्हा सांगितली आहे. गोळी तोंडातून द्यायची, मूल ओकत असेल तर ओकारी थांबवून. दिल्यावर रुग्णाला आडवंच ठेवायचं, कारण पहिल्या मात्रेनंतर उठवलं तर रक्तदाब एकदम खाली जातो. याला सगळ्यात मोठा धोका आईचा. पोर रडलं की ती त्याला उचलून छातीशी धरणार, खांद्यावर घेणार. तिला समजावून खाली बसवावं लागतं: बाई, पोराला हात लाव, थोपट, पण उचलू नकोस. दर तीन तासांनी पुन्हा मात्रा. थांबायचं केव्हा, याला यंत्र लागत नाही. पाय चाचपायचे. तळवे कोरडे आणि उबदार लागले, हाताच्या मागच्या बाजूच्या शिरा पुन्हा फुगून दिसू लागल्या, की बास. तोवर कुणीतरी खाटेच्या पायथ्याशी बसून पोराची बोटं हातात धरून ठेवायची.